नेव्रिये यिल्माझ: एका सेंटरच्या कारकिर्दीतून उलगडणारे तुर्की महिला बास्केटबॉल

नेव्रिये यिल्माझ या निवृत्त तुर्की बास्केटबॉलपटूची ओळख करून देताना बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य एकच असते: अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक महिला लीगमध्ये खेळलेली ती पहिली तुर्की खेळाडू. हे वाक्य खरे असले, तरी तिच्या कारकिर्दीबद्दल ते फारच थोडे सांगते. अमेरिकेत ती २००३ मध्ये फिनिक्स मर्क्युरी आणि २००४ मध्ये सॅन अँटोनियो सिल्व्हर स्टार्स या संघांकडून खेळली, आणि दोन्ही ठिकाणी तिच्या वाट्याला थोडेच सामने आले. तिचे खरे काम त्यानंतरच्या दशकभरात इस्तंबूलच्या क्लबांमध्ये आणि तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघात झाले. ज्या देशाचा महिला संघ २००५ पर्यंत युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेच्या मुख्य फेरीतही कधी खेळला नव्हता, तो २०१४ मध्ये जगात चौथा आला. या नऊ वर्षांच्या चढणीत संघाच्या मध्यभागी, बास्केटखालच्या सर्वांत दाटीच्या जागेत, बहुतेक वेळ नेव्रियेच उभी होती.

तिची कारकीर्द नीट समजून घ्यायची, तर केवळ पदकांची आणि क्लबांची यादी वाचून भागत नाही. युरोपातील क्लब कसे चालतात, वर्षाच्या कोणत्या महिन्यात खेळाडू कोणासाठी खेळते, सेंटर या बास्केटजवळच्या जागेवरच्या खेळाडूकडून नेमकी काय अपेक्षा असते आणि राष्ट्रीय संघात कोणाला खेळता येते याचे नियम कोणते, हे माहीत असेल तरच त्या यादीला अर्थ येतो. या लेखात तेच क्रमाने पाहू.

प्लोवदिवची पार्श्वभूमी

नेव्रियेचा जन्म १९८० साली बल्गेरियातील प्लोवदिव या शहरात झाला. बल्गेरियात उस्मानी साम्राज्याच्या काळापासून मोठा तुर्की भाषक समाज राहत आला आहे. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या कम्युनिस्ट सरकारने या समाजाची नावे सक्तीने बदलून स्लाव्ह वळणाची नावे देण्याची मोहीम राबवली, तुर्की भाषेच्या सार्वजनिक वापरावर बंदी आणली, आणि १९८९ च्या उन्हाळ्यात सीमा उघडल्यावर काही महिन्यांतच तीन लाखांहून अधिक लोक तुर्कस्तानात गेले. या स्थलांतरितांनी आणि त्यांच्या मुलांनी तुर्की क्रीडाक्षेत्राला पुढे पुष्कळ काही दिले. वेटलिफ्टिंगमध्ये सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारा नाइम सुलेमानोलू याच समाजातला होता. नेव्रियेच्या जन्मगावाकडे पाहताना हा संदर्भ डोळ्यांसमोर असलेला बरा, कारण तुर्की राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद भूषवणारी खेळाडू बल्गेरियात कशी जन्मली, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि त्याचे उत्तर खेळाच्या नव्हे, तर बाल्कन प्रदेशाच्या इतिहासात आहे.

योगायोगाने तुर्कस्तानची राष्ट्रीय महिला बास्केटबॉल लीगही १९८० सालीच सुरू झाली. म्हणजे नेव्रिये आणि ती ज्या लीगमध्ये घडली ती लीग जवळजवळ समवयस्क आहेत.

क्लब म्हणजे काय

तुर्कस्तानात, आणि युरोपच्या बऱ्याच भागात, क्लब म्हणजे एका खेळाचा संघ नसतो. फेनेरबाहचे हा १९०७ साली इस्तंबूलच्या आशियाई बाजूला, कादिकोय भागात स्थापन झालेला क्लब आहे, तर १९०५ साली युरोपीय बाजूच्या एका नामांकित शाळेतील विद्यार्थ्यांनी गलातासरायची स्थापना केली. दोघांचीही जगभर ओळख फुटबॉलमुळे आहे, परंतु त्याच झेंड्याखाली पुरुषांचे आणि महिलांचे बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि इतर अनेक खेळ चालतात. त्यामुळे महिला बास्केटबॉल संघाला जन्मतःच लाखो चाहते मिळतात. सामना महिलांचा असला तरी समोर गलातासराय आहे म्हटल्यावर फेनेरबाहचेचा चाहता तो सामना सोडत नाही, आणि प्रेक्षागृहातील घोषणा, ढोल, तणाव हे सारे फुटबॉलच्या मैदानावरून तिथे जसेच्या तसे येते. महिला खेळांना प्रेक्षक मिळत नाहीत अशी तक्रार ज्या देशांत होते, त्यांच्यापेक्षा तुर्कस्तानची परिस्थिती या एका कारणाने वेगळी आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. महिला संघाचा खर्च तिकीटविक्रीतून निघत नाही. तो क्लबच्या तिजोरीतून, म्हणजे बहुतांशी फुटबॉलच्या उत्पन्नातून आणि प्रायोजकांकडून येतो. म्हणूनच संघाच्या नावापुढे कधी बँकेचे, कधी रुग्णालय समूहाचे नाव लागलेले दिसते आणि करार संपला की तेही बदलते. फुटबॉल विभागाचे एखादे वर्ष वाईट गेले, अध्यक्ष बदलला किंवा चलनाची किंमत घसरली, तर महिला संघाचे अंदाजपत्रक सर्वांत आधी आकसते. मोठ्या क्लबांखेरीज सरकारी कंपन्यांचे आणि नगरपालिकांचे संघही या लीगमध्ये महत्त्वाचे राहिले आहेत. अदानातील बोताशस्पोर हा सरकारी पाइपलाइन कंपनीचा संघ त्यांपैकी एक असून, नव्या शतकाच्या सुरुवातीला तो इस्तंबूलच्या क्लबांना तोडीस तोड होता.

फेनेरबाहचेने २००६ ते २०१३ या काळात सलग आठ वेळा तुर्की लीग जिंकली. नेव्रिये या घोडदौडीतील बऱ्याच हंगामांत संघाची प्रमुख सेंटर होती. तिच्याबरोबर खेळ मांडणारी बिरसेल वार्दारली, तसेच शाझिये इवेगिन आणि एस्मेराल तुंचलुएर या खेळाडू होत्या. क्लबमधील ही जुळणी नंतर राष्ट्रीय संघात तशीच उतरली, आणि २०११ नंतरच्या यशामागचे एक कारण मला तिथेच दिसते. राष्ट्रीय संघाला सरावासाठी वर्षातून काही आठवडेच मिळतात. त्यातल्या अर्ध्या खेळाडू एरवीही एकत्र खेळत असतील, तर कोण कुठे वळेल हे त्यांना नव्याने शिकावे लागत नाही.

दोन हंगाम, एक शरीर

आता अमेरिकेकडे वळू. डब्ल्यूएनबीए १९९७ पासून उन्हाळ्यात खेळवली जाते, कारण हिवाळ्यात पुरुषांच्या एनबीएने प्रेक्षागृहे आणि दूरचित्रवाणीचा वेळ व्यापलेला असतो. युरोपातील लीग मात्र ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन एप्रिल-मेपर्यंत चालतात. कागदावर पाहिले तर दोन्ही हंगाम एकमेकांना पूरक आहेत आणि एकच खेळाडू वर्षभर दोन्हीकडे खेळू शकते. आयपीएल, परदेशांतील लीग आणि देशाचे सामने यांच्या तारखा जुळवणाऱ्या आपल्या क्रिकेटपटूंची ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढची अडचण लगेच लक्षात येईल. युरोपातील हंगामाचे निर्णायक सामने आणि अमेरिकेतील सराव शिबिर एकाच वेळी येतात. राष्ट्रीय संघाच्या स्पर्धाही उन्हाळ्यात किंवा त्याला लागूनच असतात. विश्रांतीसाठी जागा उरत नाही ती नाहीच.

शिवाय २००३ साली त्या लीगमध्ये केवळ १४ संघ होते आणि प्रत्येक संघात मोजक्याच जागा. शिबिराला उशिरा पोहोचणाऱ्या, प्रशिक्षकांना फारशा परिचित नसलेल्या युरोपीय खेळाडूला बाकावरून उठून मैदानात येण्याची संधी क्वचितच मिळे. खेळाचे नियमही वेगळे होते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, २००० साली आक्रमणासाठीची मुदत ३० सेकंदांवरून २४ सेकंदांवर आणली होती, तर डब्ल्यूएनबीएमध्ये २००६ पर्यंत ३० सेकंदच होते आणि सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांऐवजी वीस मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जाई. चेंडूचा वेग, खेळाडू बदलण्याची लय, दमछाकीचे गणित हे सारे बदलत असे. अशा परिस्थितीत नेव्रियेला तिथे थोडेच सामने मिळाले, यावरून तिच्या गुणवत्तेचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

पुरुषांच्या बाबतीत तुर्की खेळाडूंची अमेरिकेतील वाट थोडीच आधी उघडली होती. मिर्साद तुर्कजान १९९९ मध्ये एनबीएत खेळणारा पहिला तुर्की खेळाडू ठरला, हिदायेत तुर्कोलू त्याच्या पाठोपाठ गेला आणि मेहमेत ओकूरने २००४ मध्ये डेट्रॉइटबरोबर विजेतेपदही मिळवले. त्यांच्यासाठी अमेरिका हे पैशाच्या आणि प्रतिष्ठेच्या दृष्टीने शिखर होते. महिलांच्या बाबतीत हे समीकरण अगदी उलटे होते. युरोपातील श्रीमंत क्लब डब्ल्यूएनबीएपेक्षा कितीतरी अधिक मानधन देत असत, इतके की अमेरिकेची अव्वल खेळाडू डायना टॉरासी हिने २०१५ चा अमेरिकी हंगाम खेळलाच नाही, कारण तिने विश्रांती घ्यावी म्हणून तिच्या रशियन क्लबने तिला पैसे देऊ केले होते. म्हणून नेव्रिये अमेरिकेतून परतली, याचा अर्थ ती मोठ्या मंचावरून लहान मंचावर आली असा होत नाही. त्या काळात महिला बास्केटबॉलमधील मोठा पैसा आणि मोठ्या लढती बऱ्याच अंशी युरोपातच होत्या.

२००३ मध्ये फिनिक्सने ३४ पैकी फक्त ८ सामने जिंकले. त्या वाईट हंगामामुळे त्यांना पुढच्या वर्षी लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनी टॉरासीला घेतले. नेव्रिये आणि टॉरासी फिनिक्समध्ये एकत्र खेळल्या नाहीत, पण २०१०-११ च्या हंगामात टॉरासी स्वतः फेनेरबाहचेत आली, आणि फिनिक्सचीच ऑस्ट्रेलियन खेळाडू पेनी टेलरही. सात वर्षांपूर्वी जिथे नेव्रियेला जागा मिळवायला झगडावे लागले, त्या संघाचे तारे आता तिच्या शहरात, तिच्या क्लबमध्ये येऊन खेळू लागले होते. तुर्की क्लबांनी मधल्या काळात किती मजल मारली होती, हे यावरून कळते.

सेंटरचे काम आणि रंगवलेला चौकोन

बास्केटबॉलमध्ये प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी पॉइंट गार्ड चेंडू पुढे आणते आणि आक्रमणाची मांडणी करते. सेंटर ही साधारणपणे संघातील सर्वांत उंच खेळाडू असते आणि तिची जागा बास्केटजवळ असते. नेव्रियेची उंची सुमारे १.९४ मीटर. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, आणि महिलांच्या खेळातही ती तितक्याच उंचीवर असल्यामुळे इतक्या उंचीच्या कुशल खेळाडूचे मोल पुरुषांच्या खेळापेक्षाही अधिक असते.

सेंटरचे सगळे काम गुणफलकावर दिसत नाही. सहकारी खेळाडू चेंडू घेऊन धावत असताना तिच्या मागे लागलेल्या बचावपटूच्या वाटेत स्थिर उभे राहून तिला अडवणे, याला स्क्रीन म्हणतात. अडवून झाल्यावर क्षणात वळून बास्केटकडे झेपावायचे आणि परतीचा पास घ्यायचा, ही तर या खेळातील सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत परिणामकारक चाल आहे. एखादीचा फटका हुकला की चेंडू कुठे पडेल याचा अंदाज घेऊन प्रतिस्पर्धी सेंटरला पाठीने आणि कमरेने मागे रेटून ठेवायचे, म्हणजे उसळलेला चेंडू आपल्याला किंवा आपल्या सहकाऱ्याला मिळतो. चेंडू तिने पकडला तर तो तिच्या नावावर रिबाउंड म्हणून लिहिला जातो, आणि तिने वाट अडवल्यामुळे सहकाऱ्याला मिळाला तर तिच्या नावावर काहीच लिहिले जात नाही. बचावाच्या वेळी मागच्या फळीतून सगळ्यांना ओरडून सूचना देणेही तिचेच काम, कारण पूर्ण मैदान तिच्यासमोर असते. एखाद्या सेंटरची कारकीर्द केवळ सरासरी गुणांवरून मोजणारे लेख मला म्हणूनच अपुरे वाटतात.

आता त्या जागेबद्दल, कारण नेव्रियेच्या कारकिर्दीच्या मध्यावरच ती जागा बदलली. बास्केटसमोर एक रंगवलेले क्षेत्र असते. नियम असा की, आक्रमण करणाऱ्या संघाच्या खेळाडूने त्या क्षेत्रात सलग तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबायचे नाही, म्हणजे उंच खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसू शकत नाही. अमेरिकेत हे क्षेत्र आयताकृती होते. फिबाच्या नियमांनुसार मात्र कित्येक दशके त्याचा आकार समलंब चौकोनाचा होता: फ्री थ्रोच्या रेषेजवळ ३.६ मीटर रुंद आणि मैदानाच्या टोकाला, म्हणजे बास्केटच्या बाजूला, ६ मीटर रुंद. त्यामुळे युरोपातील सेंटरला बास्केटपासून बरेच बाजूला उभे राहून चेंडू घ्यावा लागे. नुसत्या ताकदीने धक्के देत आत शिरण्याऐवजी चार-पाच मीटरवरून अचूक फटका मारणे, बास्केटकडे तोंड करून खेळणे आणि चांगला पास देणे या गोष्टी तिला शिकाव्याच लागत. युरोपीय सेंटर नेमबाजीत सरस असतात असे जे म्हटले जाते, त्याचे एक कारण मैदानावरच्या या रेषांमध्ये होते.

ऑक्टोबर २०१० पासून फिबाने हे क्षेत्र ४.९ मीटर रुंदीचे आयताकृती केले आणि त्याच वेळी तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्या बाहेरून मारलेल्या फटक्याला तीन गुण मिळतात ती, ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर नेली. म्हणजे बास्केटच्या बाजूला सेंटर सुमारे अर्धा मीटर आत येऊन उभी राहू शकली, आणि दुरून नेम धरणाऱ्या खेळाडू अर्धा मीटर मागे गेल्या. मधली जागा मोकळी झाली. आत चेंडू गेल्यावर दुसऱ्या बचावपटूला मदतीला धावून यायला आणि परत बाहेर जायला अधिक अंतर कापावे लागू लागले. मधल्या अंतरावरून फटका मारण्याची सवय जुन्या मैदानावर झालेली, आणि आता बास्केटजवळची जागाही मिळालेली, अशा अनुभवी सेंटरला हा बदल लाभदायक ठरणारच होता. नव्या रेषांवर खेळली गेलेली पहिली महिला युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा २०११ ची, आणि तुर्कस्तानला पहिले पदक मिळाले तेही याच स्पर्धेत. या दोन गोष्टींमध्ये थेट कार्यकारणभाव आहे असा माझा दावा नाही, परंतु त्या संघाची ताकद कुठे होती हे पाहिले, तर नवे मैदान त्याला मानवणारे होते एवढे नक्की म्हणता येते.

२००५ ते २०१४

तुर्कस्तानने २००५ ची महिला युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा अंकारा, इझमीर आणि बुर्सा या शहरांत भरवली. यजमान म्हणून मिळालेला हा त्यांचा पहिलाच सहभाग होता आणि ते आठवे आले. यजमानपदाचा उपयोग करून संघ घडवणे ही तुर्की महासंघाची जुनी रीत आहे: प्रवेश हमखास मिळतो, सरकारी निधी येतो, प्रेक्षागृहे बांधली जातात, आणि खेळाडूंना काही वर्षे आधीपासून एक निश्चित ध्येय मिळते.

पोलंडमधील २०११ च्या स्पर्धेत तुर्कस्तानने उपांत्य फेरीत फ्रान्सला हरवून अंतिम फेरी गाठली. वूच शहरात झालेल्या अंतिम सामन्यात रशियाकडून ५९-४२ असा पराभव झाला. रशियाच्या उंच आणि अनुभवी संघापुढे तुर्की आक्रमण पूर्ण थंडावले होते, हे या आकड्यांवरूनच दिसते. तरीही रौप्यपदक मिळाले. ऑलिम्पिकचे थेट तिकीट मात्र फक्त विजेत्या संघाला होते, त्यामुळे २०१२ च्या उन्हाळ्यात अंकारात झालेल्या पात्रता स्पर्धेतून तुर्कस्तानला लंडन गाठावे लागले.

लंडनला गेलेल्या तुर्की पथकात ११४ खेळाडू होते, त्यांपैकी ६६ महिला आणि ४८ पुरुष. देशाच्या ऑलिम्पिक इतिहासात महिलांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक असण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यामागचे मोठे कारण म्हणजे बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे महिलांचे दोन सांघिक संघ प्रथमच पात्र ठरले होते. बास्केटबॉल संघाने गटातील पाचपैकी चार सामने जिंकले. एकमेव हार अमेरिकेकडून झाली. उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा रशिया समोर आला आणि ६६-६३ अशा तीन गुणांच्या फरकाने तुर्कस्तान बाहेर पडला. आदल्या वर्षीची १७ गुणांची दरी एका वर्षात तीनवर आली होती. पदक हुकले, पाचवा क्रमांक मिळाला.

फ्रान्समधील २०१३ च्या युरोपियन स्पर्धेत सर्बियाला ९२-७१ असे हरवून कांस्यपदक जिंकले. पुढच्या वर्षी अंकारा आणि इस्तंबूल येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तुर्कस्तानच्या महिलांचा हा जागतिक स्पर्धेतील पहिला सहभाग होता. उपांत्यपूर्व फेरीत सर्बियाला नमवून ते उपांत्य फेरीत पोहोचले, तिथे स्पेनकडून आणि कांस्यपदकाच्या लढतीत ऑस्ट्रेलियाकडून हरले, आणि चौथे आले. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा ७४-४४ हा पराभव जिव्हारी लागणारा होता. परंतु पहिल्याच जागतिक स्पर्धेत शेवटच्या चारांत येणे ही कोणत्याही संघासाठी असामान्य गोष्ट आहे.

यानंतरचे रिओ ऑलिम्पिक, २०१६. नेव्रिये तेव्हा ३६ वर्षांची होती. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्ध सामना ६२-६२ असा बरोबरीत असताना आना क्रूझ हिने अखेरच्या क्षणी मारलेला फटका आत गेला आणि स्पेन ६४-६२ असा जिंकला. स्पेनने पुढे रौप्यपदक मिळवले. नेव्रियेच्या पिढीची ऑलिम्पिक कहाणी तिथे संपली.

बोस्फरसच्या पलीकडे

क्लबच्या पातळीवर तिच्या कारकिर्दीतील सर्वांत चर्चेचा निर्णय म्हणजे फेनेरबाहचेनंतर बोस्फरस सामुद्रधुनीच्या पलीकडच्या गलातासरायमध्ये जाणे. या दोन क्लबांतील वैर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बदलाचा अर्थ वेगळा सांगायला नको. अनेक वर्षे एका बाजूची ओळख बनलेली खेळाडू दुसऱ्या बाजूला गेली की काही चाहते ते मनाला लावून घेतात. पण व्यावसायिक दृष्टीने पाहिले, तर त्यामागचे गणित सरळ आहे आणि त्यासाठी लीगचा एक नियम समजून घ्यावा लागतो.

तुर्की लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. ही मर्यादा वेळोवेळी बदलली आहे, परंतु तत्त्व कायम आहे: काही जागा तुर्की नागरिकांनीच भरायच्या. चांगल्या तुर्की गार्ड तुलनेने अधिक मिळतात, १.९४ मीटर उंचीची, युरोपियन पातळीवर टिकणारी तुर्की सेंटर मात्र दुर्मीळ. ज्या क्लबकडे अशी सेंटर असेल, तो परदेशी खेळाडूंच्या जागा इतर ठिकाणी वापरू शकतो. म्हणजे नेव्रियेला करारबद्ध करणारा क्लब एका खेळाडूबरोबर संघरचनेचे स्वातंत्र्यही विकत घेत होता. दोन्ही मोठ्या क्लबांना ती हवी असणे हे तिच्या खेळाइतकेच या दुर्मीळतेमुळेही होते, आणि हे म्हटल्याने तिचे मोल कमी होत नाही.

महिलांची युरोलीग ही युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धा फिबाच्या अखत्यारीत आहे. पुरुषांची युरोलीग मात्र २००० पासून एका स्वतंत्र खासगी संस्थेकडे आहे. २०१४ पर्यंत एकाही तुर्की संघाने महिलांची युरोलीग जिंकली नव्हती. एप्रिल २०१४ मध्ये रशियातील एकातेरिनबर्ग येथे अंतिम सामना झाला, तेव्हा दोन्ही बाजूंना इस्तंबूलचेच क्लब होते. एक्रेम मेमनून यांच्या मार्गदर्शनाखालील गलातासरायने फेनेरबाहचेला ६९-५८ असे हरवले. त्या संघात स्पॅनिश खेळाडू अल्बा टोरेन्स, कर्णधार इशिल अल्बेन आणि नेव्रिये होत्या. त्यांच्याच सोबतीला शेबनेम किम्याजिओलू ही अमेरिकेत जन्मलेली, स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळलेली आणि कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर पुन्हा खेळाकडे वळलेली खेळाडूही होती. ज्या क्लबच्या विजयी घोडदौडीत नेव्रियेने आपली उमेदीची वर्षे घालवली, त्यालाच हरवून तिने युरोपातील सर्वोच्च चषक मिळवला.

नागरिकत्वाचा नियम

तुर्की यशाबद्दल बोलताना एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हे संघ परदेशी खेळाडूंना नागरिकत्व देऊन उभे केलेले आहेत. आक्षेपात तथ्य किती आहे ते नियमावरून तपासता येते. फिबाच्या नियमानुसार, वयाची १६ वर्षे पूर्ण झाल्यानंतर नागरिकत्व मिळालेली एकच खेळाडू राष्ट्रीय संघात घेता येते. लंडनमध्ये ती जागा अमेरिकेत वाढलेल्या क्वानिट्रा हॉलिंग्सवर्थने घेतली. २०१४ आणि २०१६ मध्ये ती लाटोया सँडर्सकडे होती. तुर्की नागरिक म्हणून ती लारा सँडर्स या नावाने खेळली आणि पुढे २०१९ मध्ये वॉशिंग्टन मिस्टिक्स संघातून तिने डब्ल्यूएनबीएचे विजेतेपदही मिळवले.

दोघीही बास्केटजवळ खेळणाऱ्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तुर्कस्तानने नागरिकत्वाची आपली एकमेव जागा दोन्ही वेळा उंच खेळाडूसाठी वापरली, म्हणजे देशातील टंचाई नेमकी कुठे होती हे महासंघाला पक्के ठाऊक होते. बारा जणींच्या संघातील उरलेल्या अकरा जणी मात्र तुर्की व्यवस्थेशी जोडलेल्या होत्या, आणि नव्या नागरिक खेळाडूला बास्केटखाली जोडीदार मिळाली ती नेव्रियेच्या रूपाने. दोन उंच खेळाडू एकाच वेळी मैदानात ठेवता येणे, किंवा एकीने विश्रांती घेतली तरी दुसरी तितक्याच विश्वासाने उभी राहणे, ही चैन त्याआधीच्या तुर्की संघांना कधीच परवडली नव्हती. केवळ एका आयात खेळाडूवर संघ चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला असता, तर त्याच नियमाचा आधार घेणाऱ्या युरोपातील इतर डझनभर देशांनाही ते जमायला हवे होते.

तिच्यानंतर

रिओनंतर ती पिढी काही वर्षांत पांगली. तुर्कस्तानचा महिला बास्केटबॉल संघ टोकियो ऑलिम्पिकला पात्र ठरला नाही आणि पॅरिसलाही नाही. त्याच काळात क्लब मात्र अधिकच बलाढ्य झाले. २०२२ मध्ये रशियन क्लबांना युरोपियन स्पर्धांतून वगळण्यात आले, त्यानंतर तिथे खेळणाऱ्या जागतिक दर्जाच्या अनेक खेळाडूंनी इस्तंबूलची वाट धरली, आणि फेनेरबाहचेने २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे युरोलीग जिंकली. २०२३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर मर्सिन शहराचा, म्हणजे आणखी एक तुर्की संघ होता.

क्लब युरोपात अव्वल आणि राष्ट्रीय संघ ऑलिम्पिकबाहेर, या विसंगतीची कारणे अनेक असतील. परंतु क्लब बास्केटखालची जागा जगातून कुठूनही भरू शकतो, राष्ट्रीय संघाला ती देशातच शोधावी लागते. नेव्रियेच्या काळात तुर्कस्तानला ती शोधावी लागत नव्हती. बिरसेल आणि इशिल यांच्या नंतर चेंडू पुढे आणणाऱ्या नव्या गार्ड तयार होत राहिल्या, १.९४ मीटर उंचीची, दोन्ही आकारांच्या रंगवलेल्या क्षेत्रांत खेळ शिकलेली आणि वयाच्या ३६ व्या वर्षीही ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व सामन्यासाठी संघात हवी असलेली सेंटर घडायला मात्र वीस वर्षे लागतात, आणि त्या वीस वर्षांत क्लबने तिला बाकावर न बसवता मैदानात उतरवावे लागते.